धाकू तांडेलाची होडी

"…मग ती हलत का नाही, बुवा?"

खाडीच्या पाण्यातून डोकं वर काढत जोतिरामानं विचारलं. त्याला धाप लागली होती. दोन्ही तळहात दोरानं सोलवटून निघाले होते.

आत्मारामबुवा मठाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसले होते. त्यांनी नुसता हात पुढे केला. जोतिरामानं तो धरला नाही. कोपरं टेकून स्वतःच वर आला आणि ओल्या पायरीवर बसून राहिला.

"अजून एक बुडी मारतो," तो म्हणाला.

"मार."

"या खेपेला दोर कमरेला बांधतो. हाताला रग लागते, कमरेला लागणार नाही."

"बांध."

"तुम्ही नको म्हणत नाही?"

"म्हटलं तर ऐकशील?"

जोतिराम दोर कमरेला गुंडाळू लागला…

मठ अगदी खाडीच्या मुखाशी होता, काळ्या कातळावर. थंडीच्या दिवसांत पहाटे खाडीवर असं धुकं उतरायचं की होडीच्या नाळेवर बसलेल्याला मागचं सुकाणू दिसू नये. मुखाशी पाण्याखाली खडक. रात्रभर जाळी टाकून परतणाऱ्या होड्यांनी आत यायचं कसं? तर मठात घंटा होती. थोरली, काशाची. मठातलं कुणी तरी पहाटे ती वाजवत राही आणि तांडेल त्या आवाजाच्या रोखानं होडी आत घेत. कुणाकुणाचे आजे-पणजे असेच घरी आले होते.

तिची वरची कडी झिजून तुटली म्हणून ती पलीकडच्या गावी ओताऱ्याकडे पाठवली होती. नवी कडी बसवून ती परत आली, धाकू तांडेलाच्या होडीतून. आणि मठाच्या पायरीपर्यंत येऊन पाण्यात गेली.

जोतिराम कोल्हापूरकडचा. तरुणपणी कुस्त्या मारलेला. पुढे मन विटलं, आखाडा सोडून तो समुद्राच्या काठी या मठात येऊन राहिला. आखाडा सुटला, ताकद काही सुटली नाही. वाळूत रुतलेली होडी असो की कुणाच्या घराचं आढं चढवायचं असो, वाडीतली माणसं त्यालाच हाक मारत. "पैलवान" म्हणत. त्याला ते आवडायचं. बुवांना ठाऊक होतं, आणि त्यालाही ठाऊक होतं की बुवांना ठाऊक आहे.

घंटा आली त्या दिवशी ओहोटी लागलेली होती. होडी पायरीपेक्षा बरीच खाली होती.

धाकू म्हणाला होता, "जरा थांबू या, पैलवान. पुडची भरती येव दे. होडी पायरीच्या बरोबरीला आली का घंटा नुस्ती सरकवायची."

"तोवर सांज होईल," जोतिराम म्हणाला होता. "मी आहे की."

फळी टाकली. जोतिरामानं वरून दोर धरला, धाकूनं खालून हात दिला. निम्म्या वाटेत फळी कलली. घंटा घसरली, होडीच्या काठावर आदळली आणि तिथून पाण्यात गेली. काठ आणि घंटा यांच्या मध्ये धाकूचा उजवा हात होता.

तालुक्याच्या दवाखान्यात त्याची दोन बोटं काढावी लागली.

वाडीतलं प्रत्येक माणूस धाकूला भेटून आलं. बुवाही जाऊन आले. एक जोतिराम तेवढा गेला नाही.

त्यानं रात्रीचं जेवण सोडलं. चटई सोडली, कातळावर झोपू लागला. आणि घंटेच्या मागे लागला. पहिल्यांदा वाडीतली माणसं एका होडीत भरून सगळ्यांनी मिळून दोर ओढला, तर होडीच कलंडायला आली. मग काठावरून ओढलं, तर दोर तुटला. त्यानंतर त्यानं माणसांना घरी पाठवलं.

"हे माझं काम आहे," तो म्हणाला. "माझ्या हातून गेली, माझ्याच हातानं येईल."

घंटा मात्र खाडीच्या गाळात बसली होती, ती बसलीच. आणि धुकं काही तिच्यासाठी थांबलं नव्हतं. परवाच पहाटे एक होडी खडकाला घासली. कडेची फळी फुटली. माणसं पोहून आली म्हणून निभावलं.

"परवाची होडी फुटली ती माझ्यामुळे," जोतिराम आता म्हणाला. "उद्या माणूस जाईल. बुवा, मला काही तरी सांगा."

बुवा उठले. पायऱ्या चढून मठात गेले आणि पाण्याचा तांब्याचा हंडा घेऊन आले. मोठा होता, पण रिकामा. काखेत धरून ते सहज उतरले.

"हा पाण्यात दाब," ते म्हणाले. "तोंड वर ठेव. थेंबसुद्धा आत येऊ देऊ नकोस. तळाला टेकव."

"हा?"

"हा."

जोतिराम कमरेएवढ्या पाण्यात उतरला. हंड्याच्या काठावर दोन्ही हात ठेवून त्यानं जोर केला. थोडा खाली गेला. अजून जोर केला. जितका खाली जाई तितका हंडा जास्त उसळ्या मारू लागला. जोतिरामाच्या दंडाच्या शिरा फुगल्या. त्यानं छातीचा भार दिला, तसा हंडा बाजूला सटकला आणि त्याच्या हनुवटीवर आपटून वर आला.

पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा जोतिराम स्वतःच तोंडघशी पडला, आणि हंडा शेजारी आरामात डुलत राहिला.

"जोर किती लागला?" बुवांनी विचारलं.

"पुष्कळ."

"तुझ्या विरुद्ध कोण होतं?"

"हंडा."

"हंड्यात काय होतं?"

जोतिरामानं हंड्यात पाहिलं. "काही नाही…"

बुवांनी हंडा उचलून पुन्हा काखेत घेतला.

"धाकूकडे जा," ते म्हणाले. "त्याची होडी मागून आण."

जोतिरामाचा चेहरा उतरला. "दुसऱ्या कुणाची आणतो, बुवा. वाडीत काय होड्या कमी आहेत?"

"बाकीच्या होड्या समुद्रावर जातात. धाकूची रिकामी बसली आहे."

"ती माझ्यामुळेच बसली आहे."

"म्हणूनच सांगतो, ती आण."

"कुठल्या तोंडानं मागू?"

बुवा पायऱ्या चढत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

…

धाकूचं घर खाडीच्या पलीकडच्या वळणावर होतं. रस्त्यानं गेलं तर सगळी वाडी पाहणार, दोन शब्द विचारणार. म्हणून जोतिराम ओहोटीच्या वेळी गाळातून निघाला. खाडीचा गाळ त्याला नवा नव्हता, पण त्या दिवशी त्याचं लक्ष पायाकडे नव्हतं. घर समोर दिसू लागलं, धाकूची बायको सुंदरा अंगणात सुकट पसरताना दिसली, आणि त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला.

त्यानं झटका दिला. पाय निघाला नाही, उलट डावा रुतला. त्यानं डाव्यावर भार घेऊन उजवा उपसला, तर डावा आणखी आत. गाळानं पोटरी अशी धरली होती जशी आखाड्यात कुणी एकेरी पट काढून धरावी. तो घामाघूम झाला.

सुंदरानं सूप खाली ठेवलं आणि काठावर आली.

"झटका नका देव, पैलवान," ती म्हणाली. "तुमी वडता तितका तो धरतो. पाय नुस्ता हलवीत ऱ्हावा. बाजूनं पाणी आत जाव द्या. पाणी खाली गेला का तो आपसूक सोडतो."

"वहिनी, मी निघतो. तुम्ही जा."

"तुमी निगता कसले. हलवा पाय."

त्यानं पाय हलवला. हळूहळू, जागच्या जागी. पोटरीच्या कडेनं गार पाणी खाली झिरपत गेल्याचं त्याला कळलं. मग तळव्याखाली काही तरी सैल झालं आणि पाय वर आला, जणू कुणी धरलाच नव्हता.

मांड्यांपर्यंत काळा होऊन तो अंगणात उभा राहिला. आतून धाकू बाहेर आला. उजव्या हाताला पांढरी पट्टी होती. जोतिरामाची नजर त्या पट्टीवर गेली आणि तिथून हलेना.

धाकूनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. आणि तो हसायला लागला. पोट धरून हसला. हसताना पट्टीचा हात दाराला लागला तसा कळवळला, आणि परत हसला.

"इतक्या दिवसांनी आलास तो असा?"

जोतिरामाला वाटलं होतं धाकू बोलणार नाही, किंवा शिव्या देईल. त्याला काय उत्तर द्यायचं ते त्यानं मनात घोळवून ठेवलं होतं. धाकू हसेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"तांडेल," तो म्हणाला, "माझ्यामुळे तुमचा हात…"

"हां. तुज्यामुळे," धाकू म्हणाला. हसणं थांबलं होतं. "आदी वाटायचा, पैलवान येल नि म्हनल का फळी वली होती. आलास नाय. मग वाटला, येव नको तेच बरा. मग वाटला, अजून आला कसा नाय…"

सुंदरानं पाण्याची बादली आणून जोतिरामाच्या पायांशी ठेवली. तो पाय धूत राहिला.

"बुवांनी तुमची होडी मागितली आहे," अखेर तो म्हणाला. आणि लगेच मान हलवली. "नाही. मी मागतो आहे. घंटा काढायला."

सुंदरानं नवऱ्याकडे पाहिलं. होडी हेच त्यांचं शेत आणि हेच त्यांचं घर. धाकूचा हात बरा होईतो ती जपून ठेवली होती, कारण बरा झाल्यावर तेवढंच हातात उरणार होतं.

"बुडाली तर?" तिनं विचारलं.

जोतिराम 'बुडणार नाही' म्हणायला गेला. जीभ रेटली नाही.

"बुडू शकते, वहिनी," तो म्हणाला.

धाकूनं खाडीकडे पाहिलं.

"आवसेला उधाण हाय," तो म्हणाला. "सकाळी पानी लय खाली जाल, नि दुपारी तितकाच चढल. तवा ने."

…

अमावास्येच्या सकाळी ओहोटी पार उतरली. एरवी जिथं जोतिरामाला बुडी मारावी लागे तिथं पाणी त्याच्या छातीशी आलं. गाळात कलंडून बसलेल्या घंटेची नवी कडी पायाला लागत होती.

होडी नेमकी घंटेच्या वर आणून उभी केली. होडीवर दोन जाड वासे आडवे टाकले, वाशांची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर. दोर एका टोकापासून खाली, घंटेच्या कडीतून, दुसऱ्या बाजूनं वर. धाकू पायरीवरून सांगत होता, जोतिराम बांधत होता. पाण्याखाली बोटांनी चाचपत त्यानं गाठ मारली, आणि दोर ताणून इतका घट्ट केला की त्यात तसूभर ढील उरली नाही.

"आता ओढायचं?" त्यानं विचारलं.

"आता बसायचं," बुवा म्हणाले.

मग बुवांनी होडी रिकामी करायला सांगितली. जाळी काढली, नांगर काढला, वल्ही काढली. तळाशी तोल सांभाळायला ठेवलेले दगड एक एक करून पायरीवर आणले. सुंदरानं पाण्याचं मडकंही उचलून घेतलं.

"आणि मी?" जोतिरामानं विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मी थांबतो होडीत. पाणी आत आलं तर उपसायला कुणी हवं. आणि वेळ आली तर…" त्यानं कमरेचा कोयता दाखवला. "दोर कापीन. तांडेलाची होडी मी बुडू देणार नाही."

बुवा बाजूला झाले. जोतिराम होडीत चढून मधोमध बसला.

भरती लागली.

पाणी आलं ते कुणाला न सांगता आलं. आधी गाळातल्या खेकड्यांची बिळं भरली. मग पायरीखालचा कातळ ओला झाला. होडीच्या फळ्यांवर जिथं रोज पाण्याची रेघ असे तिथं पाणी पोचलं आणि तिथं थांबलं नाही. होडी वर उचलली जायला हवी होती. ती जागची हलली नाही. दोरानं तिला खालून धरलं होतं, आणि पाणी तिच्या अंगावर चढत होतं.

वासे करकरले.

वाडीतली माणसं काठावर जमली होती. सुंदरा पदराचं टोक तोंडात धरून उभी होती.

पाणी होडीच्या काठापासून वीतभर खाली राहिलं. मग त्याहून कमी. एक लहानशी लाट काठ ओलांडून आत आली. जोतिरामानं ती ओंजळीनं बाहेर टाकली. दुसरी आली. त्यानं करवंटी घेतली. दोर इतके ताणले होते की त्यातून पाणी पिळून निघत होतं. घंटा हलण्याचं नाव नाही.

जोतिरामाला वाटलं, एकदा याच माणसाचं नुकसान केलं, आता दुसऱ्यांदा करतो आहे. त्यानं कोयता काढला.

"तांडेल, कापू?"

धाकूनं बुवांकडे पाहिलं.

बुवांची नजर होडीवर नव्हती, जोतिरामावर होती.

"जोतिराम," ते म्हणाले, "उतर."

"काय?"

"होडीतून उतर."

"मी उतरलो तर पाणी कोण उपसणार?"

"उतर."

"आणि होडी बुडायला लागली तर दोर कोण कापणार? बुवा, ही एकच होडी आहे त्यांची…"

बुवांनी धाकूकडे पाहिलं.

मग पायरीवरून धाकू बोलला. आवाज मोठा नव्हता, पण पाण्यावरून नीट ऐकू आला.

"होडी माजी हाय, पैलवान. उतर."

जोतिरामानं त्याच्याकडे पाहिलं. पट्टीचा हात छातीशी धरून धाकू उभा होता. चेहऱ्यावर भीती होती. तरी तो उतर म्हणत होता.

जोतिरामानं कोयता फळीवर ठेवला.

"तोही आण," बुवा म्हणाले.

त्यानं कोयता कमरेला खोचला आणि होडीच्या काठावरून पाण्यात उतरला. काठावर नुसती हाताची बोटं राहिली. मग तीही त्यानं सोडली.

होडी रिकामी झाली.

ती वर आली नाही. पण दोर वाजला. तारेसारखा, खोल. वासे एकदा कुरकुरले आणि थांबले. पाणी चढत राहिलं. काठाला लागलं. काठावर आता पातळ काचेसारखं पाणी उभं होतं, आत यायचं की नाही ठरवत असल्यासारखं…

कुणी झटका दिला नव्हता. कुणी ओढत नव्हतं. होडीतली पोकळी तेवढी वरून दोर धरून होती, आणि कुठं तरी खाली, गाळाच्या आणि काशाच्या मधल्या फटीतून, पाणी हळूहळू आत झिरपत असावं.

जोतिरामाला पोहता पोहता पायाखाली काही तरी जाणवलं. एक मोठा बुडबुडा त्याच्या अंगाला घासून वर गेला. मग आणखी. होडीभोवतीचं पाणी काळं झालं.

आणि होडी उसळली. हातभर वर आली, डावीउजवीकडे डुलली, पुन्हा डुलली, आणि शांत झाली. पाण्यानं थबथबलेल्या तिच्या फळ्या उन्हात चमकत होत्या. दोर अजून ताणलेलेच होते, पण आता ते हलत होते. त्यांच्या टोकाला काही तरी लोंबकळत होतं.

काठावरची माणसं पाण्याजवळ सरकली. सुंदरा खाली बसली.

धाकू कमरेएवढ्या पाण्यात आला. होडीच्या नाळेचा बारीक दोर त्यानं डाव्या हातात घेतला आणि चालू लागला. होडी त्याच्यामागून निघाली, आणि होडीच्या पोटाखालून, कुणाला न दिसता, घंटा. वाडीतल्या सगळ्या माणसांना मिळून जी हलली नव्हती ती धाकू तांडेल एका हातानं पायरीशी घेऊन आला.

जोतिराम पाण्यात उभा राहून पाहत होता. डोळ्यांत खारं पाणी गेलं होतं की आतूनच आलं होतं, कोण सांगणार.

…

संध्याकाळी पाणी ओसरलं तशी घंटा पायरीशी वाळूवर बसली. आता ती पाण्याबाहेर होती, होडी तिच्या मदतीला नव्हती, आणि मठ वर होता.

जोतिरामानं तिच्या कडेखाली खांदा घातला नाही. तो वाडीत गेला. दारोदार गेला. दारात उभा राहून म्हणायचं ते त्याला नीट म्हणता येत नव्हतं, कारण पूर्वी कधी म्हटलं नव्हतं.

"जरा हात लावायला येता का?"

माणसं आली. बायाही आल्या. वाशांना दोर बांधून घंटा उचलली गेली. पायऱ्यांवर ती एकदा कलली तेव्हा धाकूनं थांबा म्हटलं, आणि सगळे थांबले. सगळ्यांत आधी जोतिराम थांबला.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं आलं. मठातून पाणी दिसत नव्हतं. जोतिरामानं घंटेचा दोर धाकूच्या हाती दिला. धाकूनं तो डाव्या हातात धरला, मग जरा विचार करून उजवाही पट्टीसकट त्यावर ठेवला, आणि ओढला.

आवाज खाडीभर गेला. थोड्या वेळानं धुक्यातून कुणी तरी ओ दिली. मग वल्ह्यांचा आवाज आला. एकामागून एक होड्या आत आल्या.

धाकू घरी गेला तेव्हा उन्हं पडली होती. जोतिराम त्याच्याबरोबर थोडं अंतर गेला. हात बरा होईतो होडीवर वल्हं मारायला मी येतो, असं त्यानं सांगितलं. धाकूनं हो म्हटलं. मग तो परतला आणि बुवांच्या शेजारी पायरीवर बसला.

दोघं पाणी पाहत होते.

"काल रात्रीचं जेवलास," बुवा म्हणाले.

"जेवलो. वहिनींनी वाढलं…" जोतिराम थांबला. "बुवा, तांडेल माझ्याशी बोलतो. हसतो. वाडीतलं कुणी मला बोल लावत नाही. मी त्याच्या होडीवर जाईन, जमेल ते सगळं करीन."

"बरं."

"पण त्याची बोटं काही परत येणार नाहीत."

"नाही येणार."

"रोज वल्हं मारताना तो हात माझ्यासमोर असेल."

"असेल."

जोतिरामानं छातीवर तळहात ठेवला. सोललेली कातडी अजून भरली नव्हती.

"इथलं ओझं जरासुद्धा कमी झालं नाही, बुवा. आहे तेवढंच आहे."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं.

"असू दे," ते म्हणाले. "घंटेचं वजन तरी कुठं कमी झालं होतं?"